गुरुवारचा डबा

माझ्या लग्नात हबीब मिस्त्री जेवले ते सगळ्यांच्या शेवटी. तोवर ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते आणि कधी डाव्या खिशात, कधी उजव्या खिशात मुठीतलं काहीतरी टाकत होते. माझ्या सासऱ्यांना वाटलं, पाहुणे रुसले. ते लगबगीनं हात धरायला गेले, तर मिस्त्रींनी त्यांना हातानंच थांबवलं. "थांबा मामा, एक वाढप अजून होऊ द्या." पंगत उठली तसे त्यांनी दोन्ही खिसे उलटे केले आणि सासऱ्यांच्या पुढ्यात, सतरंजीवर, सरकीचे दोन ढीग लावले. डावा चांगला ओंजळभर, उजवा चिमूटभर.

"हे मठ्ठ्याचं हाये," मिस्त्री म्हणाले. "डाव्या पंगतीत मठ्ठा एवढ्या वेळा फिरला, उजव्या पंगतीत एवढाच. तिकडचे लोकं बिनामठ्ठ्याचे उठले. वाढणाऱ्याची गलती नाई. पिंप तुमी डाव्या टोकाले ठेवलं. मधात ठेवा."

मुलीच्या लग्नात असलं ऐकून कुठला बाप खूश होईल? पण सासऱ्यांनी पिंप हलवलं, आणि पुढच्या पंगतीत उजवीकडच्या लोकांनी मठ्ठा मागून मागून घेतला. सासरे अजूनही कधीकधी विचारतात, "तो सरकीवाला माणूस कसा आहे?" मी म्हणतो, "मजेत आहे." कित्येक वर्षं मी हे उत्तर मिस्त्रींना न भेटताच देत होतो.

सरकी म्हणजे कापसातलं बी. आमच्या जिनिंगमध्ये ती पायाखाली सगळीकडे असायची. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, ही जिनिंग होती. कापूस गाड्या भरभरून यायचा, अंगणात त्याची गंजी लागायची, मशीनवर रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे व्हायची, आणि रुईच्या गाठी बांधून बाहेर जायच्या. दिवाळीपासून ऊन तापेपर्यंत हंगाम. मी तिथं कारकून म्हणून लागलो तेव्हा मला नुकतीच मिशी आली होती आणि नुकताच संगणक यायला लागला होता. दोन्हींचा मला सारखाच गर्व होता.

हबीब मिस्त्री तिथले फिटर. मूर्ती बुटकी, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली, भुवयांवर कायम रुईचे तंतू. सगळं आयुष्य मशीनच्या खडखडाटात गेल्यामुळे ते "चहा घेता काय?" हेसुद्धा कुठंतरी आग लागल्यासारखं ओरडून विचारायचे. नवा माणूस दचकून चहाला नाही म्हणायचा.

शेडमध्ये आठ मशीन एका ओळीत होत्या. प्रत्येक मशीनच्या वर मिस्त्रींनी तारेनं एकेक रंगाचा रिकामा डबा टांगला होता. मशीन अडली की तिथली बाई हात वर करून "जाऽऽम" ओरडायची. मिस्त्री जायचे, रोलरला गुंडाळलेला कापूस काढायचे, मशीन चालू करायचे, आणि मग वाकून जमिनीवरची एक सरकी उचलून त्या मशीनच्या डब्यात टाकायचे. जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन अडली तर सरकी गेरूत बुडवून. त्यासाठी गेरूची वाटी खिडकीत ठेवलेली असायची आणि मिस्त्रींचा अंगठा हंगामभर लाल असायचा.

आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळे डबे खाली उतरायचे. जुनं वर्तमानपत्र पसरून मिस्त्री त्यावर आठ ढीग करायचे आणि मांडी घालून त्यांच्यापुढं बसायचे. पांढऱ्या किती, लाल किती. बराच वेळ नुसतं बघत राहायचे, चहा गार व्हायचा. मग उठून एखाद्या मशीनचा पट्टा बदलायचे, एखाद्या रोलरला नव्यानं खाचा पाडायचे. पुढचा आठवडाभर त्या डब्याकडे त्यांचं असं लक्ष, की जणू पोरीचा दहावीचा निकाल आहे. सरकी कमी पडली तर "सरकी बोलली!" म्हणून टाळी. जास्त पडली तर "माह्यंच चुकलं ना बाप्पा," म्हणून पाना पुन्हा हातात.

वहीत का लिहीत नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. लहानपणी उर्दूची दोन पुस्तकं झाली आणि पाना हातात आला; मराठी अक्षराशी त्यांची ओळख झालीच नाही. पण त्यांचं म्हणणं निराळं होतं. "वही कपाटात जाते, बाबू. डब्बा सगळ्याईले दिसते."

त्यांच्याशी बोलताना 'मला वाटतं' म्हणायची सोय नव्हती. मी एकदा म्हणालो, "मिस्त्री, मला वाटतं तीन नंबरचा पट्टा गेला." झालं! "वाटते कायले? तुमाले भूक लागली तं वाटते, थंडी वाजली तं वाटते. पट्ट्याचं कायचं वाटते? सरकी बोलन." मग दोन दिवस गेले, मी म्हणालो, "बघा, डब्यात पडली सरकी." त्यावर त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य आलं. "एका सरकीनं काई समजत नाई. मूठभर होऊ द्या." मूठ भरल्याशिवाय ते कशावरच विश्वास ठेवायचे नाहीत, आणि मूठ भरली की मग शेठ काय, देव आला तरी ऐकायचे नाहीत.

आमच्या शेठजींना प्रत्येक गोष्टीला "उद्या पाहू" म्हणायची सवय होती. बायकांच्या पिण्याच्या पाण्याची टाकी गळत होती, उद्या पाहू. शेडचा पत्रा उडाला होता, उद्या पाहू. एक दिवस हापिसच्या दाराशी एक डबा टांगलेला दिसला. शेठनी विचारलं तर मिस्त्री म्हणाले, "असू द्या, तुमच्या कामाचा हाये." पंधरा दिवसांनी त्यांनी तो शेठच्या टेबलावर उपडा केला. टेबलभर सरकी. "शेठ, हे तुमचे 'उद्या'. याच्यातला एखादा आज करा." मी तोंड फाईलमध्ये खुपसलं. शेठ आधी लालबुंद झाले, मग त्या ढिगाकडे बघत खो खो हसले, आणि टाकी त्याच दिवशी दुरुस्त झाली.

घरीही तेच. मिस्त्रींच्या बायकोची, शकिलाभाभींची, कपाटाची चावी सारखी हरवायची. दोघांचं त्यावरून रोज वाजायचं. मिस्त्रींनी स्वयंपाकघरात डबे टांगले आणि महिन्याभरानं निकाल दिला, की चावी हरवते ती फक्त बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी भाभींच्या हातातली पिशवी बदलते. पिशव्या टांगायच्या जागीच एक खिळा ठोकला. भाभी मला चहा देताना म्हणाल्या, "बाबू, खिळाच ठोकायचा होता तर महिनाभर माझ्या डोक्यावर डबे कशाला वाजवले?" पण ते सांगताना त्या हसत होत्या. चावी परत कधी हरवली नाही.

आता जे सांगतो त्यात मी तोंडावर पडलो होतो, म्हणून ते मला फार नीट आठवतं.

त्या हंगामात मशीन वरचेवर अडत होत्या आणि गाठी कमी निघत होत्या. शेठनी मला बोलावलं. "तुझा संगणक काय फक्त पत्ते खेळायला आहे काय? कोणामुळे काम अडते ते काढ." मला तेवढंच हवं होतं. मी मुकादमाकडून माहिती घेतली आणि एक तक्ता केला. डावीकडे बायांची नावं, उजवीकडे त्यांच्या हातून मशीन किती वेळा अडली. जी सगळ्यांत वर आली तिचं नाव लाल केलं. नाव होतं सुगंधाबाई राठोड. आणि एवढा सुंदर तक्ता फाईलमध्ये कशाला ठेवायचा, म्हणून तो शेडच्या दारावर चिकटवला. मिस्त्रींनीच सांगितलं होतं ना, सगळ्यांना दिसायला पाहिजे!

सुगंधाबाई जवळच्या तांड्यावरून पायी यायची. नवरा नव्हता, सासू आणि दोन पोरी घरी. या हंगामावर तिचं वर्ष निघायचं. तिला वाचता येत नव्हतं, पण लाल रंग कळत होता. बाकीच्या बाया कागद बघायच्या आणि मग तिच्याकडे बघायच्या. संध्याकाळी मुकादमानं तिला सांगून टाकलं, की येत्या सुट्टीनंतर तू येऊ नको. वसाहतीतल्या जिनिंगचे मुकादम एकाच टपरीवर चहा प्यायचे; इथून काढलेल्या बाईला दुसरीकडे कोणी उभं केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री माझ्या टेबलापाशी आले. हातात तो कागद. दारावरून इतका जपून काढलेला, की कोपराही फाटला नव्हता.

"हे कोनं केलं?" त्या दिवशी ते ओरडले नाहीत. साध्या आवाजात बोलले, तेच मला जास्त लागलं.

"मी केलं."

"भल्लं सुंदर हाये. रंग बी चांगला देल्ला." कागद त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतला असावा. "पन याच्यात बाईचं नाव हाये. मशीनचा नंबर काहून नाई?"

"मशीन बाईच चालवते ना, मिस्त्री."

"आन बाईले मशीन कोन देते?"

ते माझा कागद घेऊन तसेच शेठकडे गेले, मीही मागोमाग गेलो. मिस्त्रींनी एक आठवडा मागितला. सुगंधाबाई सहा नंबरच्या मशीनवर असायची. तिला दोन नंबरवर उभं करायचं आणि दोन नंबरची शोभाबाई सहावर. "सरक्या सुगंधाबाईच्या मांगं मांगं दोन नंबरवर गेल्या, तं तिले काढा. तिच्यासंगं मले बी काढा. हे आठही डब्बे माह्या हातानं उतरवून देतो."

"उद्या पा—" शेठ म्हणाले, आणि मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. "बरं. एक आठवडा."

तो आठवडा शेडमध्ये कोणाचं कामात लक्ष नव्हतं. जो तो मान वर करून डब्यांकडे बघत होता. सुगंधाबाई दोन नंबरवर मान खाली घालून उभी असायची. मशीनचा आवाज जरा बदलला तरी तिचा हात थांबायचा. इकडे सहा नंबरवर पहिल्याच दिवशी सकाळी शोभाबाईचा हात वर गेला, "जाऽऽम!" मग पुन्हा. मग पुन्हा. तिसऱ्या दिवशी ती रडकुंडीला आली. "मिस्त्री, मले काहून आनलं इथं? आता माह्यं नाव लाल करतीन काय?" असं म्हणून तिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरलो नाही.

सुट्टीच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्र पसरलं. शेठ स्वतः आले, खुर्ची मागवून बसले. दोन नंबरच्या डब्यातून तीनच सरक्या निघाल्या. सहा नंबरचा डबा उपडा केला तर चांगली मूठभर. सुगंधाबाई सुटली होती. पण मिस्त्रींचं समाधान झालं नव्हतं. ते त्या ढिगात बोटं फिरवत होते. "शेठ, पाहा. लाल एकच हाये. साऱ्या पांढऱ्या. म्हनजे सकाळीच अडते. दुपारून मशीन चांगली होते काय? मशीन काय झोपून उठते काय?"

उत्तर त्यांना सुट्टीनंतरच्या सकाळी मिळालं. मी कामावर आलो तर मिस्त्री अंगणात गंजीपाशी उभे, कापसात कोपरापर्यंत हात घातलेला. मला ओरडून बोलावलं, आता नेहमीच्या आवाजात. "हात लावा!" मी हात लावला. वरचा कापूस दवानं ओलसर होता; आत हात घातला तर कोरडा. सकाळी पहिल्यांदा उचलायचे तो हा वरचा कापूस, आणि शेडचं दार सहा नंबरच्या समोरच होतं, म्हणून आत आलं की पहिली तीच मशीन लागायची. ओझं वाहणारी माणसं पहिली खेप तिथंच टाकायची, कोणीही टाकेल. ओला कापूस रोलरला गुंडाळला जायचा. दुपारपर्यंत उन्हानं वरचा थर वाळला, की सहा नंबर सुतासारखी सरळ.

बस, एवढंच. रोज संध्याकाळी गंजीवर ताडपत्री टाकायची आणि सकाळची पहिली खेप आतल्या कापसाची घ्यायची. पुढच्या आठवड्यात सहा नंबरच्या डब्यात वाजायलासुद्धा सरकी नव्हती. शेठनी मला नवा तक्ता करायला सांगितला, आणि मी शहाण्यासारखा फक्त मशीनचे नंबर टाकले. सुगंधाबाई पुन्हा आपल्या जागेवर गेली. जाताना हापिसच्या दारात थांबली आणि म्हणाली, "बाबू, आता माह्यं नाव कोन्त्या रंगात हाये?"

"कोणत्याच नाही, बाई," मी म्हणालो. तिच्याकडे बघून म्हणायचं धैर्य झालं नाही. त्या दिवसापासून ती मिस्त्रींना 'भिया' म्हणायला लागली. तांड्यावरच्या बोलीत भावाला भिया म्हणतात. मला ती बाबूच म्हणायची.

त्या संध्याकाळी चहा पिताना मी मिस्त्रींना विचारलं, की तुम्ही सगळ्याचे डबे टांगता, शेठच्या 'उद्या'चासुद्धा टांगलात. मग माणसांच्या नावाचा का नाही? त्यांनी बशी खाली ठेवली.

"ढाणकीले होतो पह्यले, दुसऱ्या जिनिंगमधी. तिथं एक काळा फळा होता. ज्याच्या हातून काम बिघडलं, त्याचं नाव खडूनं लिवत. एक दिवस शकिला माह्या जेवनाचा डब्बा घेऊन आलती. तिले मराठी वाचता येते. म्या इचारलं, काय लिवलं वं फळ्यावर, माह्यं नाव हाये म्हनतात. तिनं वाचलं. म्हने, 'तुमचं काम सगळ्यांत चांगलं आहे, असं लिहिलंय.' आठ दिवस म्या छाती काढून हिंडलो बाबू. ज्याच्या त्याच्यापुढे. लोकं हासून राह्यले, मले वाटे खूश होऊन राह्यले." ते हसले. मला हसू आलं नाही. "मंग एकानं सांगितलं काय लिवलं थे. शकिलाले म्या कधीच नाई सांगितलं, का मले समजलं म्हनून. आन तवापासून माणसाच्या नावाचा डब्बा म्या टांगत नाई. सरकी कामाची मोजावं. माणसाची मोजली, का मंग काम कोनी पाहात नाई."

हे बोलून त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि मशीनला तेल द्यायला निघून गेले.

पुढं जे व्हायचं ते झालं. शेठ थकले, जिनिंग बंद पडली. त्या शेडमध्ये आता सोयाबीनची पोती असतात. मी तिथून जवळच एका बियाण्याच्या कारखान्यात लागलो. शकिलाभाभी गेल्या तेव्हा मी मातीला गेलो होतो. निघताना मिस्त्रींचा हात धरून "येत जाईन" म्हणालो होतो. आपण सगळेच म्हणतो. त्यांची गल्ली माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. सुरुवातीला ते ओट्यावर दिसले की मी गाडीवरूनच हात करायचो. पुढं पुढं त्या बाजूला बघणंच सोडलं, कारण बघितलं तर थांबावं लागलं असतं. हे लिहायला मला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

यंदा आमच्या कारखान्यात भिंतीवर एक मोठा पडदा लावला. नवे मॅनेजर हुशार आहेत, मेहनती आहेत, मी होतो तसेच. पाकिटं भरायच्या मशीन कुठं किती वेळ थांबल्या, हे त्या पडद्यावर आपोआप येतं. एका गुरुवारी मी जेवून परत आलो तर पडद्यावर बायांची नावं होती. त्यातलं एक लाल. खाली ती बाई उभी होती आणि पदरानं मशीन पुसत होती, मशीन स्वच्छ असूनही. मी मॅनेजरांकडे गेलो आणि म्हणालो, साहेब, नावाच्या जागी मशीनचा नंबर टाका, मी सांगतो का ते. ते म्हणाले, "उद्या बघू." मला एकदम हसू फुटलं. सुटी झाल्यावर माझी गाडी आपोआपच त्या गल्लीत वळली.

मिस्त्री ओट्यावरच होते. आणखी बुटके झालेले, चष्म्याची तार तीच. "वानखडेबाबू!" असे ओरडले, की समोरच्या घरातली बाई बाहेर आली. मला हाताला धरून आत नेलं. आत भिंतीवर एका ओळीत सात डबे टांगलेले. खाली स्टुलावर वाटीभर सरकी.

"आता कोणती मशीन चालवता?" मी विचारलं.

"मशीन कायची? हे सात वारांचे हाये. कोनी भेटाले आलं, का त्या वारी एक सरकी." ते चहा ठेवायला वळले. "दुधाचा अंदाज येत नाई ना बाबू. जास्त घेतलं तं नासते, कमी घेतलं आन कोनी आलं तं काळा च्या पाजा लागते. म्हनून वार पाहून दूध घेतो. आज तुमाले काळाच घ्या लागन. गुरुवारी सकाळपुरतंच आनतो."

मी उठून डब्यांत पाहिलं. रविवारच्या डब्यात बऱ्याच सरक्या होत्या. बाकीच्या सहा डब्यांत बूड दिसत होतं.

"रविवारी कोण येतं?"

"सुगंधाबाई येते ना. बाजाराले आली, का भाजी देऊन जाते. ही सरकी बी तिच्याच घरची हाये. दर खेपेले मूठभर आनते." मग म्हणाले, "आमची नसीम उमरखेडले बलावून राह्यली. म्हने, अब्बू, थ्या गावात आता तुमचं कोन हाये? जवाई चांगला हाये, पोरगी चांगली हाये. पन माह्यं सारं इथंच गेलं ना बाबू. शकिला इथं हाये. म्या नसीमले सांगितलं, दिवाळीपरेंत पाहू. सरकी बोलन तसं करू."

सरकी काय बोलत होती, ते मला समोर दिसत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मिस्त्री, कोण आलं आणि कोण आलं नाही, याचा डबा नाही टांगला?"

"माणसाच्या नावाचा डब्बा म्या कधी टांगला काय?"

ते सहज म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला मान वर करवेना. वाटीतली एक सरकी उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "टाका तुमीच. गुरुवार, चौथा डब्बा." मी टाकली. रिकाम्या डब्यात एक सरकी पडल्याचा आवाज केवढा होतो, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या गुरुवारी मी सुटी होताच निघालो. त्यांच्या दारात पोचलो, तर ते पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते. बोलत कसले, ओरडत होते. गल्लीला ऐकू जात होतं. शेगडीवर मोठं पातेलं होतं, आणि त्यात काठोकाठ दूध.

"नाई बेटा, सध्या नाई जमत यायले," ते नसीमला सांगत होते. "अवं, इथं भल्ले लोकं येतात. गुरुवारी तं घरात बसाले जागा राहात नाई!"

मी दारातून गुरुवारच्या डब्याकडे पाहिलं. त्यात माझी ती एकच सरकी होती. मिस्त्रींनी फोन ठेवला, वळले, मला पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हबीब मिस्त्रींनी माझी नजर चुकवली. मी आत गेलो. वाटीतली एक सरकी घेतली, डब्यात टाकली आणि त्यांच्यापुढं चहाला बसलो.